उतारावरच्या प्लॉटवर घराचा नकाशा : बेलापूरच्या नोंदी

प्लॉट सीबीडी बेलापूरला, पारसिक टेकडीच्या उतारावर. रुंदी १२ मीटर, खोली १८ मीटर. रस्ता पूर्वेला, वरच्या बाजूला. जमीन पश्चिमेला खाडीच्या दिशेने उतरते. राहणारी माणसं पाच : आई (७१), बाबा (७६, दोन्ही गुडघे दुखरे), मी, समीर आणि नववीतली सई. सध्या ठाण्यात नौपाड्याला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाबांना नोकरीत असताना मिळालेला हा प्लॉट तीस वर्षं तसाच पडून होता. या नोंदी फक्त नकाशा ठरेपर्यंतच्या आहेत. बांधकामाच्या वेगळ्या लिहीन.

१४ जानेवारी २०२४

ठाण्याहून पनवेल लोकलने बेलापूरला उतरलो आणि रिक्षाने वर गेलो. टेप लावून मोजमाप केलं. खोली भरली १८.२ मीटर, कागदावर १८. वीस सेंटीमीटर जास्त मिळाले म्हणून आम्ही खूश. बाबांच्या आठवणीत उतार "कमरेएवढा, फार तर चार फूट".

दोन्ही गोष्टी चूक होत्या, ते महिनाभराने कळलं. टेप आम्ही जमिनीवर टाकून, उताराबरोबर तिरपी धरली होती. प्लॉटची लांबी नेहमी आडवी मोजायची असते. म्हणजे टेप पातळीत ताणून धरायची, टोकाला ओळंबा सोडायचा आणि टप्प्याटप्प्याने खाली जायचं. त्या फुकटच्या वीस सेंटीमीटरवर आम्ही मागची खोली मोठी काढून बसलो होतो.

२८ जानेवारी

चुलतभावाचा नाशिकचा बंगला आम्हा सगळ्यांना आवडतो. त्याचाच नकाशा थोडा फिरवून वहीच्या चौकटीच्या कागदावर काढला : पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, बाजूला दोन खोल्या, सगळं एका पातळीवर. आर्किटेक्ट ताईंना दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उतार किती?" आम्ही म्हटलं, चार फूट. "मोजलाय की आठवतोय?"

सर्व्हेशिवाय पेन्सिल उचलणार नाही म्हणाल्या. तेव्हा मला ते खर्च वाढवणं वाटलं होतं.

१० फेब्रुवारी

टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावून सर्व्हे झाला. दोन माणसं, अर्धा दिवस, १४,००० रुपये. पंचवीस-पंचवीस सेंटीमीटरच्या फरकाने समपातळी रेषा काढून दिल्या.

रस्ता शून्य धरला तर प्लॉटची पुढची कड –१५ सेंमी, मागची कड –२८५ सेंमी. एकूण उतार २.७ मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ फूट. बाबा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. गवत कमरेएवढं होतं, जमीन त्याच्याही खाली होती.

उताराचं प्रमाण साधारण १:६.७ येतं. राज्याच्या नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र टेकडी-उतारावर बांधकामाला परवानगी नाही, त्यामुळे ताईंनी सगळ्यात आधी हेच तपासलं. उतारावर प्लॉट घेणाऱ्यांनी हे घ्यायच्या आधीच तपासावं.

सर्व्हेवाल्यांनी मागच्या डाव्या कोपऱ्यातलं आंब्याचं झाड दाखवलंच नाही. परत बोलावलं तर ३,००० मागितले. मग समीरने आणि मी दोन खुंट्यांपासून अंतरं मोजून ते स्वतः नकाशावर टाकलं. शहरी भागात झाड तोडायला १९७५च्या कायद्यानुसार परवानगी लागते. आम्हाला तर ते तोडायचंच नव्हतं, पण कुठे आहे ते कागदावर असलंच पाहिजे.

२ मार्च

बाबांचं म्हणणं : भराव टाकून अख्खा प्लॉट पुढच्या कडेच्या पातळीला आणू आणि नाशिकसारखं घर बांधू. ऐकायला सोपं होतं. हिशेब मांडला.

सरासरी १.३५ मीटर भराव, २१६ चौरस मीटरवर. सुमारे २९० घनमीटर, म्हणजे दाबून बसवलेला १०३ ब्रास मुरूम (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). सैल मुरूम दबतो, म्हणून मागवायचा १३० ब्रासच्या आसपास. आम्हाला मिळालेला भाव पोचता २,८०० रुपये ब्रास, म्हणजे ३,६४,००० फक्त मुरमाचे. मागे जवळजवळ तीन मीटर उंच आरसीसी भिंत आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणाऱ्या भिंती, त्यांचा अंदाज साडेनऊ लाख. एवढं करूनही घराचे फुटिंग, म्हणजे खांबांचे पाये, भरावावर बसवता येत नाहीत. ते भराव ओलांडून खालच्या कठीण थरापर्यंत न्यावेच लागतात. भरावातले खांब कुणाला दिसणार नाहीत, पैसे मात्र लागणार.

शिवाय ती भिंत खालच्या प्लॉटवरच्या काकांच्या खिडकीसमोर उभी राहिली असती. तिच्यामागे पावसाचं पाणी तुंबलं तर एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला एक टन दाब येतो. पाणी काढून द्यायची भोकं बुजली की काय होतं ते या टेकडीवर दोन ठिकाणी दिसतंच आहे, भिंतीला पोट आलंय. बाबांनी स्वतःच कागद घडी घालून ठेवला.

१७ मार्च

जेसीबीने तीन चाचणी खड्डे घेतले. पाच तास, १,४०० रुपये तास, ७,००० झाले. वरच्या बाजूला ६० सेंमीवर मुरूम आणि १.२ मीटरवर काळा कातळ. मध्ये दीड मीटरवर. खालच्या खड्ड्यात सव्वा मीटरपर्यंत नुसतं रॅबिट : विटांचे तुकडे, फरशा, प्लास्टिकची पोती, एक गंजलेली खिडकी. तीस वर्षांत कुणीतरी आमच्या प्लॉटवर गाड्या रिकाम्या करून गेलं होतं. कठीण थर तिथे २.४ मीटरवर लागला.

म्हणजे मागची जमीन आम्ही समजत होतो तशी मूळची नव्हतीच. रॅबिट काढून टाकायचा खर्च वाढला. एप्रिलमध्ये दोन बोअर घेऊन रीतसर माती परीक्षण केलं, ३२,००० रुपये. खड्डे आधी घेतल्यामुळे बोअर नेमके कुठे घ्यायचे ते कळलं, त्यामुळे तिसरा बोअर वाचला.

६ एप्रिल

ताईंनी जमिनीप्रमाणे घर दोन भागांत मोडलं. आमच्या प्लॉटला सोडायची जागा पुढे ३ मीटर, मागे २.२५ आणि बाजूंना दीड-दीड. घराला उरतात ९ बाय १२.७५ मीटर. पुढचा अर्धा भाग रस्त्यापेक्षा १५ सेंमी वर, मागचा अर्धा त्याच्यापेक्षा दीड मीटर खाली. मागच्याच्या डोक्यावर दुसरा मजला, तो पुढच्या भागापेक्षा दीड मीटर वर. प्रत्येक वेळी दहा पायऱ्या, पायरी १५ सेंमीची.

भराव १०३ ब्रासवरून वीसच्या आसपास आला. मोठी भिंत गेलीच.

पहिल्या आराखड्यात पुढे हॉल आणि आई-बाबांची खोली, खाली मागे स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा. खिडकीतून खाडी दिसणार, बाहेर पडवी, पडवीबाहेर आंबा. आम्हा तिघांना फार आवडलं. आई काहीच बोलली नाही.

१३ एप्रिल

आईने आठवडाभर विचार करून एक गोष्ट केली. ओट्यावर वाटी ठेवली आणि स्वयंपाकघरातून बाहेर जाताना दर वेळी तिच्यात चवळीचा एक दाणा टाकला. सकाळी सहा ते रात्री दहा. रात्री दाणे मोजले तर ४३. बाबांची गोळी, दारावरचा कचरेवाला, फोन, देवाला नैवेद्य, सईचा डबा, फोडणीला टाकायची राहिलेली बाहेरची कढीलिंबाची पानं.

"दहा पायऱ्या, त्रेचाळीस वेळा," एवढंच म्हणाली. वाटी ताईंना दाखवायला मीच घेऊन गेले.

त्या दिवसापासून आमचा एक नियम ठरला. आई-बाबांना दिवसभरात जे जे लागतं ते सगळं एका पातळीवर, रस्त्याच्या पातळीवर : दार, हॉल, देवघर, स्वयंपाकघर, त्यांची खोली, संडास-बाथरूम. घराची बाकीची मांडणी या नियमापुढे झुकेल. खाडी दिसणारी खोली आमची. खाडी बघायला दहा पायऱ्या उतरायला हरकत नाही, पण चहासाठी उतरायला नको.

२० एप्रिल

पुढचा अर्धा भाग म्हणजे बाहेरच्या मापाने ९ बाय ६.३७ मीटर, त्यात हे सगळं बसवायचं. कागदावर बसलं. खरंच बसतं का ते पाहायला नौपाड्याच्या इमारतीच्या गच्चीवर खडूने पूर्ण मापात नकाशा काढला. सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी घेतली, संध्याकाळी पाच ते आठ. भिंतींची जाडी दुहेरी रेषेने दाखवली, कारण पहिल्यांदा एकेरी रेषा काढल्या आणि खोल्या उगाच मोठ्या दिसल्या. दारांसाठी पुठ्ठ्याचे तुकडे कापले, उघडबंद करून बघायला.

तासाभरात इतकं बदललं :

फ्रिजचं दार उघडलं की स्वयंपाकघराच्या दारातली वाट बंद. फ्रिज हॉलच्या बाजूला, ओट्याच्या टोकाशी हलवला.

बाबांच्या पलंगापासून बाथरूमचं दार कागदावर जवळ होतं, पण पलंगाच्या चुकीच्या बाजूला. रात्री उठून पलंगाला वळसा घालायला लागला असता. पलंग फिरवला, दार ६० सेंमी सरकवलं. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं केलं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं.

आईला ईशान्येला देवघर आणि आग्नेयेला स्वयंपाकघर हवं होतं. घर पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे दोन्ही कोपरे नेमके रस्त्याच्या पातळीवरच येतात, त्यामुळे यासाठी काही मोडावं लागलं नाही. जमीन पश्चिमेला उतरते हे मात्र तिला शेवटपर्यंत खटकलं. ते बदलणं कुणाच्याच हातात नव्हतं आणि तिने तसं मान्य केलं.

पायरीचीही चाचणी घेतली. दोन विटा आडव्या एकावर एक ठेवल्या की १५ सेंमी होतात. त्यावर प्लायचा तुकडा ठेवला की साडेसतरा. बाबा आधी पंधरावर चढले, मग साडेसतरावर. दुसऱ्या वेळी त्यांचा हात आपोआप माझ्या खांद्याकडे आला. पायरी पंधराच ठेवली, जिन्याने कितीही जागा खाल्ली तरी.

११ मे

सर्वांत मोठी चूक इथे सापडली, आणि ती सईला सापडली.

सुट्टीत तिने आराखड्यावरून पुठ्ठ्याचं मॉडेल करायला घेतलं, १:५० मापात. पुठ्ठा आणि फेव्हिकॉलचे ६०० रुपये. आजोबांची आकृती कापली, ३.२ सेंमीची, म्हणजे १.६ मीटरची. आकृती हॉलमधून खाली जाणाऱ्या जिन्यावर ठेवायला गेली तर डोकं वरच्या स्लॅबला अडकलं. सईला वाटलं तिचंच कापणं चुकलं. दोनदा पुन्हा कापलं.

कापणं बरोबर होतं, नकाशा चुकला होता. खाली जाणारा जिना आम्ही मागच्या भागात काढला होता, म्हणजे वरच्या बेडरूमच्या स्लॅबखाली. हॉलची फरशी +१५ वर, त्या स्लॅबचा तळ +१५० वर. मध्ये उरले १३५ सेंमी. बीम आणखी ३० सेंमी खाली उतरणार, म्हणजे १०५. जिन्याच्या पहिल्या पायरीवर कंबरेत वाकून उतरावं लागलं असतं.

प्लॅनमध्ये हे दिसत नाही. प्लॅन म्हणजे वरून पाहिलेलं घर, त्यात जिना हा नुसता रेषांचा पट्टा. घर उभं कापून पाहिलं, म्हणजे छेद काढला, तरच उंची दिसते. ताईंनी छेद काढला होता, पण तो जिन्यातून न जाता स्वयंपाकघरातून जाणारा. त्यांनी चूक लगेच मान्य केली आणि त्या फेरबदलाचे पैसे घेतले नाहीत. मीही चार वेळा तो नकाशा पाहिला होता आणि मला ते दिसलं नव्हतं.

उपाय असा : वर जाणारा आणि खाली जाणारा, दोन्ही जिने पुढच्या भागात, शेजारी शेजारी, प्रत्येकी एक मीटर रुंद आणि २.४३ मीटर लांब. दोन्ही मधल्या रेषेवर संपतात, त्यामुळे डोक्यावर पूर्ण उंची राहते. त्यासाठी हॉलमधले पाच चौरस मीटर गेले. हॉल आणि जेवणाची जागा मिळून आता वीस चौरस मीटर आहे. सहा जणांचं टेबल बसणार नाही, चार जणांचं भिंतीला लावून ठेवायचं.

उतारावर घर काढताना छेद आधी आणि प्लॅन नंतर, आणि छेद जिन्यातूनच घ्यायचा. समीरने हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून फाईलच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

८ जून

पाऊस यायच्या आधी म्हणून रस्त्यावरच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण उघडून घेतलं. हे जानेवारीतच करायला हवं होतं. तळाला पाइप रस्त्यापासून ११० सेंमी खोल आहे.

आमच्या खालच्या मजल्याची फरशी –१३५ वर. म्हणजे खाली काढलेल्या संडास-बाथरूमचं पाणी चेंबरपर्यंत चढवावं लागणार. पाणी चढत नाही. उलट पाइपाला साठाला एक इतका उतार द्यायचा, म्हणजे दहा मीटरला १७ सेंमी आणखी हवेत.

पर्याय तीन निघाले. पहिला, खाली टाकी आणि पंप : ६५,००० रुपये, आणि वीज गेली की संडास बंद. दुसरा, मागच्या अंगणात सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा : कातळ जवळ आहे, पाणी मुरायला जागा नाही आणि ते वाट शोधत जाणार खालच्या काकांच्या अंगणात. तिसरा, खाली संडास-बाथरूमच नको.

तिसरा निवडला. आमचं संडास-बाथरूम आता मागच्या वरच्या मजल्यावर, +१६५ वर. तिथून पाणी सहज उतरतं. खालच्या खोलीतून दहा पायऱ्या चढून यायचं. सई आणि मी तिथे अभ्यास आणि काम करणार, आम्हाला ते झेपतं. पाहुणे वर झोपतील.

यात पाच आठवडे आणि १८,००० रुपये गेले, कारण स्ट्रक्चरल इंजिनिअरने जुन्या जागेप्रमाणे खांब आणि बीम काढून ठेवले होते. ते सगळे कागद बाद. झाकण उघडायला एक पहार आणि दहा मिनिटं लागली होती.

२१ जुलै

रविवार. सकाळपासून धो धो. ठरवून पावसातच प्लॉटवर गेलो, मी आणि समीर, गुडघाभर बूट घालून. दोन तास नुसते पाणी कुठून येतं ते पाहत उभे राहिलो.

आम्हाला वाटत होतं की आपल्या प्लॉटवर पडणारं पाणी हाच प्रश्न आहे. त्याचा हिशेब सोपा आहे : तासाला ५० मिलीमीटर पाऊस, २१६ चौरस मीटर, म्हणजे तासाला १०,८०० लिटर, सेकंदाला तीन लिटर. एका बऱ्यापैकी गटारीत मावणारं पाणी. पण खरा लोंढा रस्त्यावरून येत होता. वरच्या वळणावरून उतरणारं पाणी आमच्या गेटच्या जागी आत वळत होतं आणि उत्तरेच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यातून सरळ खाली धावत होतं. तिथे आम्ही पाण्याची टाकी काढली होती.

खालच्या प्लॉटवरचे काका छत्री घेऊन वर आले. वीस वर्षं तिथे राहतात. म्हणाले, "तुमचं घर होईल तेव्हा होईल, पण तुमचं पाणी दर जुलैत माझ्या स्वयंपाकघराच्या मागे येतं." बोट दाखवून त्यांनी जागा दाखवली. त्यांच्या भिंतीवर हिरवा पट्टा आहे, बरोबर आमच्या उत्तर कोपऱ्यासमोर. मागच्या बाजूला दोन्ही प्लॉटच्या मध्ये पावसाळी नाल्याची पट्टी आहे, ती रॅबिटने बुजलेली. आमच्या प्लॉटवरून घरंगळलेल्या रॅबिटने. काकांची माफी मागितली. ऑक्टोबरमध्ये ती पट्टी आमच्या खर्चाने मोकळी करायची कबुली दिली.

नकाशात तीन बदल केले. गेटच्या आत पूर्ण रुंदीची जाळीची आडवी गटार आणि बाजूच्या पट्ट्यांच्या तोंडाशी उंच कड, म्हणजे रस्त्याचं पाणी रस्त्यावरच राहील. टाकी उत्तरेकडून दक्षिणेला, ड्रेनेजच्या पाइपापासून लांब. मागच्या कडेला ३० सेंमीची अर्धगोल गटार, जी छपराचं आणि अंगणाचं पाणी मागच्या पट्टीत सोडेल.

हे फोटोवरून किंवा उन्हाळ्यातल्या भेटीवरून कळलं नसतं. जमत असेल तर एक पावसाळा मध्ये जाऊ द्यावा.

१७ ऑगस्ट

मधल्या भिंतीचा प्रश्न. पुढच्या भागाखाली भराव, आणि त्याला लागून खालची खोली दीड मीटर खाली. म्हणजे ती भिंत एका बाजूने चार महिने ओली माती पाठीवर घेणार आणि दुसऱ्या बाजूला सईची पुस्तकं. ओल येणार हे नक्की. बाहेरून वॉटरप्रूफिंग करता येतं, पण ते फुटलं तर दुरुस्तीला घराची फरशी खणावी लागेल.

म्हणून मधल्या रेषेला लागून तीन मीटरच्या पट्ट्यात भरावच टाकायचा नाही असं ठरलं. तिथे फरशी मातीवर न बसवता बीम आणि स्लॅबवर. खाली १.३५ मीटर उंचीची पोकळी राहते, दोन्ही बाजूंना हवेसाठी जाळ्या. जिन्याच्या बाजूने खालच्या खोलीतून वाकून आत जाता येईल. ट्रंका, गणपतीचं मखर, दिवाळीचे कंदील यांची जागा. स्लॅबचा खर्च साधारण सव्वा लाखाने वाढला. आम्ही तो स्वीकारला, कारण ओल आलेली भिंत नौपाड्यात बारा वर्षं पाहिली आहे. दर दिवाळीला रंग देऊनही ती दर श्रावणात परत येते.

खिडक्याही आज बदलल्या. खाडीकडे २.४ मीटरची एकच मोठी काच हवी होती. पण ती बाजू पश्चिमेची, कोकणचा पाऊस त्याच बाजूने तिरपा मारतो आणि दुपारचं ऊनही तिथलंच. एकीच्या दोन खिडक्या केल्या, १.२ मीटरच्या, वर ७५ सेंमीचा छज्जा. खाडी थोडी कमी दिसेल.

५ ऑक्टोबर

पैशांचा विषय. पुढच्या भागाच्या डोक्यावर आणखी एक खोली आत्ताच बांधावी का? बेलापूरमध्येच, सेक्टर ८ मध्ये, चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखलेलं आर्टिस्ट व्हिलेज आहे. आज तिथल्या गल्ल्यांतून दोन तास फिरलो. लहान प्लॉटवरची घरं, अंगणाभोवती गट करून बसवलेली, आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही. प्रत्येक कुटुंबाला पुढे हवं तसं वाढवता यावं म्हणून मुद्दाम तसं केलेलं. बहुतेकांनी वाढवलंच आहे, कुणी मजला चढवला, कुणी पडवी बंद केली.

तिथल्या एका आजींनी सांगितलं की त्यांची वरची खोली मुलाच्या लग्नाच्या वेळी झाली, जिन्याची जागा मात्र पहिल्यापासून सोडलेली होती. आम्हीही तेच करायचं ठरवलं. पुढचा वरचा भाग आता नुसती गच्ची. खांब आणि फुटिंग मात्र वरच्या खोलीचा भार धरून, आणि वर जाणाऱ्या शेवटच्या दहा पायऱ्या आत्ताच.

१९ ऑक्टोबर

मागची पट्टी साफ केली. जेसीबी आत जाईना, म्हणून चार माणसं, तीन दिवस, गाडीसकट १६,५०० रुपये. खाली जुनी दगडी गटार सापडली, चांगल्या अवस्थेत. काकांनी सगळ्यांना चहा दिला.

आंब्यापासून जवळचा खांब आता २.८ मीटरवर आहे. आधी १.४ वर होता. त्यासाठी मागची पडवी डाव्या बाजूने आखूड केली.

१० नोव्हेंबर

नकाशे पूर्ण. पुढच्या आठवड्यात परवानगीसाठी जातील.

पुढचा भाग +१५ : हॉल-जेवण, देवघर, स्वयंपाकघर २.४ बाय ३, आई-बाबांची खोली ३ बाय ३.६, बाथरूम १.५ बाय २.४. खाली मागे –१३५ : कामाची खोली आणि पडवी. मागे वर +१६५ : दोन बेडरूम, बाथरूम. पुढे वर +३१५ : गच्ची. दोन पातळ्यांमध्ये तीन मीटर ठेवल्यामुळे छताची उंची स्लॅबखाली २.८ च्या आसपास मिळते. राहत्या खोलीला किमान २.७५ लागतात. बीम मुद्दाम भिंतींच्या रेषेवर ठेवले आहेत.

नकाशा ठरेपर्यंतचा खर्च : सर्व्हे १४,०००, खड्डे ७,०००, माती परीक्षण ३२,०००, आर्किटेक्टचे जादा फेरबदल २५,०००, बाद झालेले स्ट्रक्चरल नकाशे १८,०००, मॉडेल ६००. एकूण ९६,६००. आर्किटेक्टची मूळ फी आणि मागच्या पट्टीची सफाई वेगळी. यातले १८,००० पूर्ण वाया गेले. फेरबदलांतले निम्मे तरी चेंबर जानेवारीत उघडलं असतं तर वाचले असते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गेटपासून दारापर्यंतच्या तीन मीटरमध्ये १५ सेंमी चढ आहे, म्हणजे विसाला एक. बाबांना ते सोपं आहे. पण त्याच जागेत गाडी रस्त्याला समांतर उभी करायची तर ती एका बाजूला कलती राहते आणि उतरताना दार जड होतं. गाडी बाहेर ठेवायची की चढ एका बाजूला अरुंद करायचा, ते ठरायचं आहे.

आज दुपारी प्लॉटवर चढाच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली आणि जमिनीवर फळ्या टाकून तोच चढ तयार केला. बाबा गेटच्या जागेपासून दाराच्या जागेपर्यंत काठी न टेकता गेले, वळले आणि परत आले. मग आई गेली, पिशवी घेऊन, भाजी आणल्यासारखी.